जहाजाची गत

यंदाच्या वैशाखातही परण्या आमच्या घरापुढून मुका गेला.

लग्नाच्या दिवशी नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो, नारळ फोडतो आणि तिथून घोड्यावर बसून मांडवाकडे निघतो. त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मारुतीचं देऊळ आहे, त्यामुळे लग्नसराईत आसपासच्या सगळ्या आळ्यांचे नवरदेव आमच्या दारावरून जातात. देवळापुढे बँड जोरात वाजत असतो. परण्या गल्लीत शिरतो, तेलाच्या दुकानापर्यंत येतो आणि तिथे बँडचा पुढारी हात वर करतो. वाद्यं एकेक करून थांबतात. ढोल सगळ्यांत शेवटी. त्याचा एखादा ठोका चुकून जास्तच पडतो. मग कासाराच्या कोपऱ्यापर्यंत नुसती माणसं चालत जातात.

बँड बंद झाला की लग्नाच्या तळाशी असलेला आवाज वर येतो. नव्या वहाणांची करकर, घोड्याचे नाल, लुगड्यांची सळसळ, कुणाच्या तरी कडेवर रडणारं पोर. एक करवली दुसरीच्या कानात काही सांगते आणि दुसरीला हसू आवरत नाही. ट्रंपेटवाला वाद्य उलटं करून आतलं पाणी झटकतो. ते थेंब आमच्या ओट्यापुढच्या धुळीत पडतात आणि लगेच दिसेनासे होतात. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसलेला असतो. कोपऱ्यावर पोचताच ढोल दणकतो आणि लग्न पुन्हा लग्न होतं.

हा रिवाज चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात सुरू झाला. माझ्या बायकोसाठी तो सुरू केला होता, आणि तिला तो नको होता. त्या उन्हाळ्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात आहे. पण लिहायला बसावं तर बाहेरून बँड येतो, दारापुढे थांबतो, आणि त्याच्याबरोबर माझा हातही थांबतो.

तिचं नाव कमल. ती भोकरदनची. आमचं लग्न पोलीस ॲक्शननंतर दोन-एक वर्षांनी झालं. त्या धामधुमीत बंद पडलेला गुलाबभाईंचा बँड तेव्हा नुकता पुन्हा उभा राहिला होता. अर्ध्या माणसांना लाल कोट होते, अर्ध्यांना नव्हते. माझ्या काकांनी तो बँड सरकीच्या ट्रकमध्ये घालून भोकरदनला नेला. कमलच्या वडिलांना सनई हवी होती, बँड म्हणजे सरकशीतला प्रकार असं त्यांचं मत होतं. दोघांची थोडी बोलाचाली झाली आणि शेवटी दोन्ही वाजलं. पुढं कमल मला सांगायची, "तुम्ही कसे दिसता ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. अंतरपाटाच्या अलीकडून आधी ती काळी सनई कळली."

काळी सनई म्हणजे क्लॅरिनेट. ती वाजवणाऱ्याचं नाव शांतवन. जालन्याच्या मिशनच्या वस्तीतच तो जन्मला, तरुणपणी निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये भरती झाला आणि सिकंदराबादेला राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या क्लबात अमेरिकेचे गोरे आणि काळे शिपाई येत, गोव्याची मंडळी वाजवीत. फौजेची कवायत संपली की शांतवन तिथं जाऊन भिंतीशी उभा राहायचा, आणि पुढं पुढं त्यांच्यात बसून वाजवायलाही लागला. मग निजामाचं राज्य गेलं, फौज मोडली, आणि तो काळी पेटी घेऊन घरी परत आला. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. बँडमध्ये चालतानासुद्धा तो इतरांच्या अर्धं पाऊल मागं असायचा.

गुलाबभाई त्याच्यावर सारखे चिडलेले असत. सिनेमातलं गाणं सुरू व्हायचं, लोक ओळखून माना हलवायला लागायचे, आणि मधेच शांतवन गाण्याचा हात सोडून कुठं तरी निघून जायचा. खालच्या पट्टीत, रांजणात पाणी पडताना होतो तशा आवाजात काही बोलायचा, तिथून एकदम वर उडी घ्यायचा, सूर वाकवायचा, मोडतोय की काय असं वाटेपर्यंत ताणायचा. ढोलवाला बिचारा ठेका धरून वाट पाहायचा. आणि सगळ्यांनी आशा सोडली की तो अगदी निवांतपणे मूळ गाण्यावर येऊन उभा राहायचा, जणू तो कुठं गेलाच नव्हता. गुलाबभाई म्हणायचे, "शांतवन, गाणं बराबर वाजव रे बाबा. पब्लिकला ओळखू आलं पाहिजे." तो हो म्हणायचा. पुढच्या लग्नात पुन्हा तेच.

मी एकदा त्याला ओट्यावर बसवून विचारलं, की हे जे तुम्ही करता याला काही नाव आहे का. तो म्हणाला, "जाज." माझं शिक्षण उर्दूत झालेलं. शाळा मराठी झाल्यावर मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो, पण कान उर्दूच राहिला. मी ऐकलं ते 'जहाज'. मला तो शब्द फार शोभून दिसला. बंदर सोडून निघायचं, काठ दिसेनासा होईपर्यंत जायचं आणि परत येऊन लागायचं. घरात जाऊन मी कमलला हे मोठ्या विद्वत्तेनं समजावून सांगितलं. जालन्यात कुणी समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे आड, आणि वैशाखात तोही तळाला गेलेला. पण कमलनं डोळे मिटले आणि तिला सगळं दिसलं. त्या दिवसापासून शांतवनच्या त्या वाजवण्याला आम्ही घरात जहाजाची गत म्हणायला लागलो.

तो शब्द अमेरिकेतल्या जॅझ संगीताचा होता हे वर्षभरानं कळलं, तेव्हा मी घरी येऊन चूक दुरुस्त करायला गेलो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमचं जाज तुमच्यापाशी ठेवा. मला जहाजच दिसून राह्यलंय."

मी फार गाणं ऐकलेला माणूस नाही. मला संगीतातलं जे काही कळतं ते तिच्या शेजारी उभं राहून कळलं. परण्या निघाला की ती हातातलं काम टाकून खिडकीशी यायची आणि ओठांतल्या ओठांत बोलत राहायची. "निघालं... गेलं... आता दिसत न्हाई." मग बराच वेळ काहीच नाही, नुसती मान किंचित पुढं काढलेली, लांबचं पाहणाऱ्या माणसासारखी. आणि गत मुखड्यावर आली की एक उसासा टाकून, "लागलं बाई काठाला." एवढं झालं की ती पुन्हा चुलीकडे वळायची. कुठल्या गाण्यावर तो निघाला होता हे तिच्या बहुतेक ध्यानातही नसायचं.

एका सरकी कारखानदाराच्या मुलीची पाठवणी होती. मुलीच्या मावशीनं गळा काढला होता, आणि तो गळाही असा की अख्खी आळी गोळा झाली. बँडनं पाठवणीची रडकी चाल धरली. शांतवन थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग मावशीच्या रडण्यातलाच एक हेल त्यानं उचलला. तिनं श्वास घेतला की तो तो हेल वाजवायचा, तिनं वाढवला की तो वाढवायचा. थट्टा नव्हती ती. क्लॅरिनेट तिच्याशी बोलत होतं. मावशी हळूहळू थांबली, पदर तोंडावरून काढून बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर माझंच रडून राह्यला." लोक हसले. नवरीसुद्धा गाडीत हसली. कमल हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, की मावशी थांबल्यावर तो जे एकटा रडला ते कुणी ऐकलंच नाही.

आणि एकदा नाताळात मिशनच्या मैदानात. आम्ही आत गेलो नाही, बाहेर दगडी कट्ट्यावर बसलो. शांतवन, त्याचा एक चुलतभाऊ ट्रंपेटवर आणि एकजण छोट्या ढोलावर, काठीऐवजी शिंदीच्या केरसुणीच्या काड्यांची जुडी घेऊन. त्या काड्या कातड्यावर फिरायच्या तो आवाज धान्य पाखडल्यासारखा यायचा. तिथं गुलाबभाई नव्हते, नवरदेव नव्हता, कुणाला कुठं पोचायचं नव्हतं. तिघंही एकमेकांकडे बघत वाजवत होते. एकानं एक बोल टाकायचा, दुसऱ्यानं तो जरा वाकडा करून परत द्यायचा. त्या संध्याकाळी शांतवन इतका लांब गेला की कमलनं माझी बाही धरली. थंडी होती, पण ती त्यासाठी नव्हती. जहाज आलं तेव्हा तिनं बाही सोडली. कट्ट्यावरून उतरताना म्हणाली, "एखाद दिवशी यायचं न्हाई हां."

मी त्या वाक्याचा तेव्हा काही विचार केला नव्हता.

लहानपणी तिला सांधे धरणारा ताप येऊन गेला होता. त्यानं हृदयाची झडप खराब झालेली होती, हे आम्हाला त्या वैशाखाच्या आधीच्या हिवाळ्यात कळलं, ती पाण्याची घागर घेऊन ओट्यावर बसली आणि तिला उठताच येईना तेव्हा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. धावपळ नको, त्रास नको, आणि फार आशाही नको. हवा यावी म्हणून तिचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीखाली आणला. संक्रांतीपर्यंत ती उठून बसत होती. होळीला पायांवर सूज आली. पाडव्याच्या दिवशी तिनं गुढीकडं झोपूनच पाहिलं, आणि कडुलिंबाचा पाला खाताना तोंड वाकडं करून म्हणाली, की औषध तरी ह्याच्यापेक्षा बरं असतं. मग लग्नसराई सुरू झाली आणि ती वाट पाहायला लागली.

आमच्या गल्लीत नाना म्हणून आहेत. कापडाचं दुकान आहे त्यांचं. कुणाचं लग्न असो की मयत, नाना पुढं होणार. कमलची हकीकत कळल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता ठरवलं, की परण्यांनी या घरापुढून वाजवत जायचं नाही. पहिल्या लग्नाच्या दिवशी ते स्वतः उन्हात तेलाच्या दुकानापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. एवढा मान नानांना आहे. बँड थांबला. वऱ्हाडातल्या बायकांनी पदर सावरले, बाप्यांनी माना खाली घातल्या, आणि सगळा परण्या आमच्या खिडकीवरून चोरपावलांनी निघून गेला.

कमल उशीला टेकून बसली होती. वेणी घालून घेतली होती तिनं त्या दिवशी. बराच वेळ ती पावलं ऐकत राहिली. मग मला विचारलं, "थांबले का हो?" मी कारण सांगितलं. नानांचा चांगुलपणाही सांगितला. कोपऱ्यावर ढोल सुरू झाला, आणि इतक्या लांबून क्लॅरिनेट ऐकू येत नाही. तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"मी अजून हाये म्हणावं त्यांना," ती म्हणाली. "सुतक मागून पाळा."

त्यानंतर दर लग्नाला तेच झालं. देवळापुढं नुसता नारळापुरता बँड वाजायचा, त्यात शांतवनला श्वास घ्यायलाही जागा नसायची. त्याचं जहाज निघायचं ते चालायला लागल्यावर, आमच्या दारापाशी. आता दाराशी शांतता होती. तिचं मागणं एकच होतं. जहाजाची गत एकदा ऐकायची, निघाल्यापासून काठाला लागेपर्यंत, पुरी. तिनं ते माझ्यापाशी एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कधी आठवण दिली नाही. रोज माझ्या तोंडाकडं मात्र बघायची.

मी नानांकडं गेलो. गल्लीत मी कधी कुणाकडं काही मागायला गेलेला नाही, त्यामुळे ते चटकन गादीवरून उठले. माझं म्हणणं त्यांनी पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मला कळतं. पण उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक म्हणतील, बायको अंथरुणावर अन् नवरा बेंड वाजवून घेऊन राह्यला. अन् पोरीकडचे म्हणतील, आमच्या परण्यात मयताच्या घरापुढं वाजवलं." बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी जीभ चावली. खाली बघत कापडाचा तागा उगीच उलगडला, पुन्हा गुंडाळला. मी त्यांना नमस्कार करून परत आलो. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी फक्त सगळ्या गल्लीला जे माहीत होतं ते बोलून दाखवलं होतं.

मग शांतवनकडं गेलो. तो दुसऱ्याच दिवशी दुपारी पेटी घेऊन घरी आला. उंबऱ्यावर बसला, आत येईना. अगदी हळू, शेजारीसुद्धा ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं गत वाजवली. सुरेल होती. कमल सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "छान झालं, भाऊ." मग थोडं थांबून, "पण जहाज पाण्यात न्हवतं. बैलगाडीवर घातल्यावाणी वाटलं."

मला ओशाळल्यासारखं झालं. शांतवन मात्र मोठ्यानं हसला; त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. "बराबर बोलल्या वहिनी," तो म्हणाला. "मागं ढोल लागतो. पुढं माणसं लागतात. कुणाला तरी उशीर व्हायला लागतो, तव्हा ती गत होते." पेटीत क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून ठेवताना त्यानं मला विचारलं, "मारुतीपुढं वाजवायला तर कुणाची ना न्हाई ना? तिथनं खिडकीत ऐकू येतं?"

मी म्हणालो, वारा असला तर येतं.

नंतरचं लग्न वडीगोद्रीकडच्या मुलाचं होतं. गोरज मुहूर्त. ऊन उतरत होतं, आणि वारा होता. पश्चिमेचा, धूळ घेऊन येणारा. मी कमलच्या उशाशी बसलो होतो, त्यामुळे देवळापुढं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. ते नंतर लोकांनी सांगितलं. नारळ फुटला. नवरदेव पायऱ्या उतरून घोड्यावर बसला. बँडनं निघायचं, तर शांतवन देवळाच्या पारावर चढून उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. ढोलवाल्याला त्यानं आधी सांगून ठेवलं होतं की काय कोण जाणे, ढोलवालाही हलला नाही.

आम्हाला खिडकीत फक्त सूर आले. आधी एक साधीशी चाल, त्या वर्षी सगळीकडे वाजत होती ती. कमलनं डोळे उघडले. चाल एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि तिसऱ्या वेळी ती कडेनं उसवायला लागली. "निघालं," कमल म्हणाली. क्लॅरिनेट खाली उतरलं, रांजणातल्या आवाजात चार शब्द बोललं, वळून पुन्हा तेच बोललं, पण आता त्यातला एक शब्द बदललेला होता. मग वर गेलं. वारा मधेच पडायचा आणि सूर पुसले जायचे, पुन्हा वारा आला की ते आधीपेक्षा लांबून यायचे, त्यामुळे खरंच काही तरी दूर जातंय असं वाटत होतं. कमलची बोटं पलंगाच्या काठावर ठेका धरून होती. नखं निळसर झालेली. देवळाकडून आता माणसांचे आवाजही यायला लागले होते. कुणी तरी ओरडत होतं, चला, चला. भटजी म्हणे हातातलं घड्याळ सगळ्यांना दाखवत होते. घोडा पाय आपटत होता. आणि त्या सगळ्या आरडाओरडीला शांतवन वळसा घालून पुढं जात होता. ओरडा मोठा झाला की तो हळू व्हायचा, लोक दमले की तो वाढायचा. मी असं वाजवणं आजपर्यंत ऐकलेलं नाही. ते सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. त्यात मोडलेले, चिरफाळलेले सूर होते, लढाईतल्या क्लबांच्या धुरातले, परक्या देशांतल्या परक्या माणसांच्या दुःखातले. ते जालन्याच्या मारुतीपुढं कसे येऊन पोचले होते आणि माझ्या बायकोला ते सगळे कसे ओळखत होते, हे मला सांगता येणार नाही.

"आता दिसत न्हाई," ती म्हणाली. मान किंचित पुढं काढलेली.

मग एक चिरका आवाज आला, आणि काही नाही.

नवरदेवाच्या मामानं पारावर चढून शांतवनचा हात धरला होता. गल्लीत परण्या शिरला. तेलाच्या दुकानापाशी नानांचा हात वर झाला असणार, पण थांबवायला काही उरलंच नव्हतं. पावलं आली. घोडा आला. खिडकीखालून जाताना एकाच माणसाचं पाऊल थोडं रेंगाळलं, इतरांच्या अर्धं पाऊल मागं.

"अहो," कमल म्हणाली, "जहाज?"

मी म्हणालो, "येईल."

ती माझ्याकडं बघून हसली. सहा वर्षांच्या संसारात मी तिच्याशी बोललेलं पहिलं खोटं तिला लगेच ओळखू आलं. "मधीच बुडवलं मेल्यांनी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून, "असू द्या. लई लांब गेल्तं."

ज्येष्ठ लागला आणि ती गेली. आभाळ नुसतं भरून यायचं आणि पडायचं नाही, असे ते दिवस होते.

मुहूर्त टळता टळता राहिला म्हणून मुलीकडच्यांनी गुलाबभाईंना फार बोल लावले होते. गुलाबभाईंनी शांतवनला काढलं नाही, पण पुढच्या लग्नांना बोलावलंही नाही. तो मला भेटायला आला तो बिनपेटीचा. ओट्यावर बसला. मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, की त्या दिवशी हात धरला नसता तर ती गत पुढं कशी जाणार होती, काठाला कुठून येणार होती. त्यानं विचार केला. आठवून पाहिलं असावं. मग म्हणाला, "ते मला तरी कुठं माहीत, मास्तर. तिथं गेल्याशिवाय कळत न्हाई."

पुढं तो जालन्यातून गेला. कुणी सिकंदराबाद म्हणतं, कुणी मुंबई.

औरंगाबादेत माझ्या एका मित्राकडं ग्रामोफोन आहे. त्यानं मला मुद्दाम बसवून तसल्या संगीताच्या तबकड्या ऐकवल्या. वाजवणारे मोठे असणार. पण तबकडीवरचं जहाज दर वेळी त्याच घटकेला निघतं आणि त्याच घटकेला काठाला लागतं. एकदा ऐकलं की ते येणार हे आपल्याला माहीत असतं. मी दुसऱ्यांदा ऐकू शकलो नाही. मित्राला वाटलं मला आवडलं नाही.

कमल गेली त्या पुढच्या लग्नसराईत परण्यांचे बँड आमच्या दारापुढं थांबत राहिले. वर्षाच्या आतलं घर म्हणून ते बरोबरच होतं. त्याच्याही पुढच्या वर्षी थांबले. नाना आता थकले आहेत, दुकानातून उठत नाहीत, पण हात वर करायला आता नानांची गरज उरलेली नाही. गुलाबभाईंचा बँड त्यांच्या पुतण्याकडं गेला. नवी माणसं आली, नवे लाल कोट आले. क्लॅरिनेट गेलं, दोन ट्रंपेट आले. ते सगळेही तेलाच्या दुकानापाशी थांबतात.

परवा थांबले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि ओट्यावरून उतरलो. ट्रंपेटवाला वाद्य उलटं करून पाणी झटकत होता. तिशीचा असेल, मुंबईत राहून आलेला, केसांचा कोंबडा काढलेला. मी त्याला विचारलं, की तुम्ही इथं का थांबता.

"मास्तर वाचत असतात म्हणून," तो म्हणाला. मग मला ओळखून एकदम अदबीनं, "म्हंजे तुम्हीच. आमाला तसंच सांगितलंय. इथं मास्तरांचं वाचन चालतं, इथं बेंड बंद."

मी उभा राहिलो. परण्या माझ्या दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकत होता. चार वर्षं मी खिडकीशी बसून जी शांतता तिची म्हणून ऐकत होतो, ती गल्लीनं कधीच माझ्या नावावर केली होती.

"मी वाचत नाही," मी म्हणालो. "वाजवा तुम्ही."

तो खूष झाला. "काय वाजवू? आता रॉक चालतंय, मुंबईला पोरं पार येडी झाल्यात त्याच्यावर. का सिनेमाचं?"

मला नाव सांगता येईना. त्या गतीला नाव नव्हतं. होतं ते आमच्या घरातलं. मी आयुष्यात कधी कुणापुढं गायलेलो नाही. पण मी ती साधी चाल गुणगुणलो, मग तिची कड उसवली तिथून पुढं, ते खालचे चार शब्द, मग बदललेला शब्द, मग वर. करवल्या थांबून बघत होत्या. एक म्हातारा मला ओळखून दुसऱ्याला थोपवत होता. मी जिथपर्यंत येत होतं तिथपर्यंत गेलो.

ट्रंपेटवाल्यानं कान देऊन ऐकलं. मग वाद्य ओठांना लावलं आणि आमच्या दारापुढं, तिच्या खिडकीखाली, ते सगळं जसंच्या तसं वाजवलं. माझ्या बेसूर आवाजातून त्यानं ते नीट वेचून काढलं होतं. मागं ढोलवाल्यानं हळूच ठेका धरला. मी जिथं थांबलो होतो तिथं तोही थांबला, आणि भुवया उंच करून माझ्याकडं बघत राहिला.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढचं वाजलंच नाही," मी म्हणालो.